लोखंडोबाची खोळ

सकाळी आंघोळ झाल्यापासून लोखंडोबाला उदबत्ती लावेपर्यंत मी तोंडातून शब्द काढत नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी हे मौन माझ्या ओटीत घातलं, आणि देवाच्या कृपेनं ते आजवर मोडलेलं नाही. पण त्या दिवशी वाटलं, आता बोलले नाही तर ऊर फुटून जाईल.

आमचं शेत कन्नडच्या अलीकडं, जुन्या गढीला लागून. पडक्या बुरुजाखाली लिंबाचं झाड, झाडाखाली ओटा आणि ओट्यावर लोखंडोबा. घागरीएवढा, अंगानं जाडजूड, वर मान तेवढी बारीक. मानेवर चांदीचे डोळे. पुढून कडीसारखा एकच हात, जणू देव कमरेवर हात ठेवून उभा आहे. हाताखाली एक बारीक भोक, ती देवाची बेंबी. अंगावर किती पिढ्यांचा शेंदूर चढलाय कोण जाणे. रोज पाणी घालायचं, तेल लावायचं, बेंबीत पेटती उदबत्ती खोचायची, की माझं मौन सुटलं. आणि एक नियम सगळ्या गावाचा : देवाचं आसन हलवायचं नाही.

आदल्या दिवशी शेततळं खोदताना जेसीबीच्या दातात एक लोखंडी नळी अडकली होती. माणसाच्या उंचीची, अंगावर गोल रिंगा चढवलेली. एका टोकाला उभी चिरल्यासारखी पन्हाळ होती, तिचं मागचं टोक जेसीबीच्या दातानं तुटलं. माझे धाकटे दीर सांडूभाऊ खूश झाले. बांधाखाली मोरी करायला त्यांना पाइप हवाच होता. नळीचे दोन तुकडे करायला त्यांनी कन्नडहून गॅस कटरवाला सांगितला आणि नळीचा फोटो कौतुकानं लेकीला पाठवला. अमृता संभाजीनगरला इतिहास शिकते. ती पहिल्या एसटीनं धापा टाकत हजर!

मी देवाला पाणी घालत होते. बापलेकीचं माझ्या पाठीमागंच जुंपलं.

"आबा, तोफ आहे ती! कापू नका, पाया पडते तुमच्या."

"तोफ? अगं, दोन्हीकडून उघडी हाय! बार काढला तर म्होरचा मरंल का मागचा?"

"दोघं बी, सांडूमामा," जेसीबी चालवणारा हनुमान वरून म्हणाला. "एका बारात दोन्ही पार्ट्या खल्लास."

"तू गप रे! आबा, ही मागून भरायची तोफ आहे. दारूचं भांडं वेगळं असायचं हिचं."

"वेगळं म्हंजे?"

"जाड लोखंडाचं. मान बारीक, धरायला कडी. ते दारूनं भरायचं, या पन्हाळीत ठेवायचं, मान नळीत सारायची, मागून पाचर ठोकायची. मग भांड्याच्या बारीक भोकातून बत्ती. धडाम! रिकामं भांडं काढलं की दुसरं भरलेलं तयार. समोरचा नळीच्या तोंडातून दारू ठासत बसलाय, तोवर आपले दोन बार झाले पण!"

पोरगी अशी सांगत होती, जणू बुरुजावर तीच उभी आहे. माझ्या हातात पेटलेली उदबत्ती होती. ती बेंबीपाशी नेली आणि हात तिथंच थांबला.

बारीक मान. कडी. भोक.

देवा, हे तू आहेस का रे?

"मग कुठंय ते भांडं?" सांडूभाऊ विचारत होते.

"तेच सापडलं नाही ना," अमृताचा आवाज पडला.

"नाय ना? मग पाइपच हाय तो. बघ, कटरवाला आला बी."

टेम्पो बांधाशी थांबला. त्यातून सिलिंडर उतरला. मला ओरडायचं होतं, पण उदबत्ती खोचल्याशिवाय मौन सुटत नाही, आणि खोचायची कुठं, तर तोफेच्या बत्तीच्या भोकात! पोटात दारू शिल्लक असली तर? इतकी वर्षं मी रोज, न चुकता, हेच करत आले होते की काय?

मागं कटरवाल्यानं ज्योत पेटवली, तिचा फुस्स आवाज आला. मी डोळे मिटले. देवा, तुझं तू बघ, असं मनात म्हणाले आणि उदबत्ती खोचली.

काही झालं नाही. चंदनाचा वास तेवढा आला.

"सांडूभाऊ, थांबा!"

माझा आवाज एवढा चढलेला त्या शेतानं कधी ऐकला नव्हता. हनुमान सीटवरून उठला. सांडूभाऊंच्या हातातला मोबाइल खाली पडला.

"काय झालं, वैनी? साप निघाला का?"

"अमृता, ते भांडं हे आहे," मी म्हणाले. "लोखंडोबा."

अमृता चपला काढून ओट्यावर आली. कडीवरून हात फिरवला, भोकाशी वाकली आणि तिनं माझा दंड घट्ट धरला. "काकू! काकू गं, हेच ते!"

सांडूभाऊंनी कान पकडले. "वैनी, तुम्ही? येवढं कडक तुमचं सोवळं, आन देवाला भांडं म्हंता?"

"देव देवच आहे, भाऊ. तो आधी कोण होता, एवढंच म्हणते मी."

तेवढ्यात आमचे गुरव, कडुबा, बेलाची पिशवी घेऊन आले. सगळं ऐकून त्यांनी मान हलवली. "खरं असंल नायतर खोटं असंल. आसन हलायचं नाय."

अमृतानं माझ्याकडं पाहिलं. कटरवाला म्हणाला, "मालक, गॅस जळायलाय. कापू का?"

मला देवासमोर उभं राहून जे सुचलं ते मी बोलले. "मान नळीत बसते का, एवढंच बघायचंय. देवानं उठायचं नाही ना? नका उठवू. नळीनं यावं देवाच्या भेटीला."

कडुबांनी एकदा देवाकडं, एकदा नळीकडं पाहिलं. "भेटीला कुणी बी येऊ शकतं," शेवटी म्हणाले. त्यांनी चांदीचे डोळे हलकेच काढून माझ्या पदरात दिले.

मग काय सांगू! हनुमाननं नळीला साखळी बांधली. जेसीबीनं ती उभी उचलली, पन्हाळीकडची बाजू खाली. लिंबाची फांदी बाजूला धरायला कटरवालाच धावला, सांडूभाऊ "हळू रे, हळू, देव हाय खाली!" म्हणून ओरडायला लागले. मघाचा पाइप हवेत झुलत देवाच्या डोक्यावर आला, आणि मी नामस्मरण सुरू केलं.

पन्हाळ देवाच्या पाठीमागून उतरली. नळीचं खालचं तोंड मानेला टेकलं आणि अडलं.

"बसंना," हनुमान म्हणाला.

"नायच बसणार," सांडूभाऊ म्हणाले, पण या वेळी त्यांच्या आवाजात हसू नव्हतं. अमृतानं दोन्ही हात जोडले.

मी रोज तेल लावते. या हाताला त्या अंगाचा कणन्‌कण माहीत आहे. चैत्राच्या उन्हात मानेखालच्या शेंदराला भेग पडली होती, ती मला आठवली.

"हनुमान, लेकरा, आणखी थोडं सोड. अगदी केसभर."

साखळी कुरकुरली. शेंदूर तडकला. मानेपासून पोटापर्यंत एक रेघ धावली आणि अख्खा थर वाळल्या सालीसारखा सुटून खळ्ळकन ओट्यावर पडला. आत काळंभोर लोखंड! आणि त्याच क्षणी वरून नळी उतरली.

खट्ट.

मान आत गेली. पन्हाळीच्या उघड्या बाजूनं देवाची कडी ऐटीत बाहेर राहिली.

"खोळ टाकली!" कडुबांनी दोन्ही हात वर केले. "देवानं खोळ टाकली! माझ्या आज्यानं बघितली होती, त्यानंतर आज!" देव आपणहून शेंदराची खोळ टाकतो, तो दिवस आमच्याकडं सणाहून मोठा. कडुबांनी उपरण्यात तुकडे गोळा केले, पैठणला गोदेत सोडायला. अमृता हसत होती आणि रडतही होती. हनुमान जेसीबीचा भोंगा वाजवत सुटला.

सांडूभाऊ वाकले. मान आणि नळीच्या सांध्यावर त्यांनी नख घालून पाहिलं. नख जाईना. मग उकिडवे बसून त्यांनी दुसऱ्या बाजूनंही घालून पाहिलं.

"लई बेस बसलंय," शेवटी म्हणाले. मग उठून कटरवाल्याकडं गेले. "तू च्या पी आन जा बाबा. सिमेंटचा पाइप आणतो मी मोरीला. अमे, तुझ्या सरांना फोन लाव. म्हणावं, नळी या ओट्यावर देवापाशीच राहील. बघायचं तर इथं या."

चहा घेताना मात्र त्यांना एकदम आठवलं. "वैनी, तुम्ही त्या भोकात रोज..."

"उदबत्ती खोचते."

"पेटती?"

हनुमान सरकत जेसीबीच्या मागं गेला. कडुबाही ओट्यावरून उतरले.

"अहो, इतक्या वर्षांचं तेल-पाणी आहे त्याच्या पोटात," अमृता हसून लोळायची बाकी राहिली. "असलीच दारू, तर तिचा चिखल झाला असेल!"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाणी घेऊन गेले. चांदीचे डोळे परत जागेवर होते. शेजारी नळी उतरवून आडवी ठेवलेली. तिच्यावरही मी पाणी घातलं. आणि देवापुढं उदबत्तीचं नवंकोरं पितळी घर ठेवलेलं होतं. दूर बांधावर, बाभळीच्या खोडाआडून सांडूभाऊ डोकावत होते.

माझं मौन होतं, म्हणून हसू पदरात दाबलं आणि उदबत्ती त्या घरात लावली.