आत्याचा मान

वलगावात मी एकटीच असते. दिवाळीनंतर छाती अशी धडधडायला लागली की न्हाणीघरापर्यंत जाऊन आले तरी भिंत धरावी लागे. भूक चांगली होती, तरी अंग वाळत चाललं. शेजारच्या तानुबाई म्हणाल्या, "काकू, कावून अशा डोये वटारून पाहून राहिल्या?"

अमरावतीच्या डॉक्टरांनी छातीचा ईसीजी काढला, रक्त तपासलं. म्हणाले, "आजी, रोगांपासून शरीराची राखण करणारी शक्तीच गळ्यातल्या थायरॉईडवर उलटली आहे. ती ग्रंथी नको इतकं काम करते, म्हणून हृदयाचे ठोके बेताल झाले. डोळेही त्यानंच."

डोळेही त्यानंच. बाकावर बसल्या बसल्या मला जयवंता आठवली.

जयवंता माझी नणंद. पन्नास वर्षांपूर्वी तिचे डोळे असेच मोठे झाले, हात थरथरायचे. बाया म्हणत, नजर वाईट आहे. माझ्या योगेशच्या बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे तिचा. झबलं शिवून घेऊन ती आली. मी बाळ पदराखाली झाकलं आणि शेजारणीला नाव सांगायला लावलं. जयवंता न जेवता गेली. पुढे नागपूरला तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आमचा उंबरा मात्र तिनं पुन्हा ओलांडला नाही. तिचा भाऊ, माझा नवरा, गेला तेव्हाही अंगणातूनच परतली.

दुसऱ्या आठवड्यात मी अकोल्याची एसटी धरली. तिच्या जिन्यात दोनदा बसले. दार तिनंच उघडलं.

"वयनी! हे काय होऊन बसलं?"

"तुमचंच दुखणं, बाई. डॉक्टर म्हणे रोग हाय, नजर नाही. माहं चुकलं. मले माफ करा."

तिनं मला बसवलं, मनगट धरून ठोके पाहिले. "घोडं उधळल्यावानी चालू हाय. माहं अजूनबी तसंच. गोळ्या किती?"

"तीन."

"एकही चुकवू नको. रक्त पातळ करायची तर मुळीच नाही. मी चुकवली, अन् लकवा मारून हा हात गेला." तिचा डावा हात मांडीवर निपचित पडला होता.

"अन् माफीचं?"

सुनेनं आणलेला कप तिनं माझ्यापुढे सरकवला. "ते नाही होत माह्याच्यानं, वयनी. एकच भाऊ होता मले. एकच भाचा. चहा पी."

मी चहा संपवला. तिनं सुनेला मला स्टँडवर सोडायला सांगितलं. स्वतः उठली नाही.

गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं, "कोनाकडे आल्या होत्या?"

"नणंदेकडे," मी म्हटलं.