बेशुद्धाची चिठ्ठी

सासूबाईंनी माझ्या तान्ह्या कुमुदला कडेवर देत सांगितलं, “आज पास झालेल्यांच्या यादीत नाव लागलं तर पुढं शिकायला जा. नाही तर हे खूळ इथंच पुरे.”

चीनच्या लढाईनंतर गावोगाव असे वर्ग निघाले होते. होडी उलटली, वादळ आलं, तर मदत पोचेपर्यंत गावातल्यांनी काय करायचं, हे चांगदेव सर अलिबागहून येऊन शिकवत. आज आगरदांड्याच्या धक्क्यावर परीक्षा; सरांची शिट्टी झाली की वेळ संपली. पाचजण जखमी होऊन पडले होते, म्हणजे सोंग घेऊन. प्रत्येकाच्या छातीवर चिठ्ठी. माझ्या वाट्याला हरी आला : ‘पाय मोडला’.

“वहिनी, मेलो गो! हळू!” खरंच पाय मोडलेल्यालाही असं ओरडणं जमलं नसतं.

पलीकडे उन्हात भागोजी पडलेला. चिठ्ठी : ‘बेशुद्ध’. त्याची पाळी शेवटी होती.

“नाटकात घाला याला,” कुणीतरी म्हणालं. “बोट हलवीत न्हाय!”

मी हरीच्या पायाला फळी बांधत होते. तेवढ्यात कुमुद रांगत भागोजीकडे गेली आणि तिनं त्याची मिशी ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. मला नवलच वाटलं. पापणीही लवत नाही? कसं जमतं याला?

“शिट्टी व्हायची हाय, गाठ मार,” हरी कुजबुजला.

गाठ मारली असती तर नाव लागलं असतं. पण माझी नजर भागोजीच्या पोटावर गेली. ते भराभर वरखाली होत होतं. बेशुद्धीचं सोंग घेणारा असा श्वास घेत नाही. मी पट्टी टाकून धावले. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही.

“सर, हा खरंच बेशुद्ध आहे!”

त्याची बायको तुळशी धावत आली. “निर्जळी एकादशी हाय याची. सकालपास्नं पानी न्हाय पोटात!”

त्याला सावलीत नेलं, लुगड्याचे ओले पदर अंगावरून फिरवले, सुपांनी वारा घातला. बऱ्याच वेळानं तो उठून बसला. तांब्या पुढे केला तर मान फिरवली. “एकादशी...”

“बेशुद्ध मानसाला कसली एकादशी?” तुळशी कडाडली. “चिठ्ठी हाय ना छातीवर? पी गुमान!”

तो प्यायला.

शिट्टी कधीच होऊन गेली होती. सरांनी हरीच्या पायावरची लोंबती पट्टी पाहिली. “ही नापास.”

मी कुमुदला उचलून निघाले, तर सरांनी थांबवलं.

“पण तुम्हाला कळलं कसं? मी चारदा त्याच्याजवळून गेलो.”

“कुमुद जास्त वेळ झोपली की मी तिचं पोट हलतंय ना, ते बघते,” मी म्हणाले. “दिवसातून कितीदा, ते विचारू नका.”

सरांनी वहीतल्या यादीत माझं नाव लिहिलं. मग भागोजीपाशी उकिडवे बसून मला म्हणाले, “आता सांगा, याचं पोट नेमकं कसं हलत होतं? सगळ्यांना दाखवा बघू.”