भट्टीचा आठवडा

भट्टीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते बायकोने ठेवलेलं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिच्या ध्यानात आलं, की या माणसाचा एक संसार आधीच मांडलेला आहे, बेकरीतल्या भट्टीशी, आणि आपला नंबर दुसरा. तेव्हापासून ती त्यांना भट्टीराव म्हणू लागली, मग शेजारीपाजारी, मग सगळी गल्ली. आता बेकरी विकून जमाना झाला, तिथे मोबाइलचं दुकान आलं, तरी नाव काही सुटलं नाही.

तर या भट्टीरावांनी एके दिवशी दुपारच्या चहाला जाहीर केलं, की आपण टाइमशेअर घेतोय.

"आता हे काय नवीन?" बायकोने विचारलं.

"अगं, सुट्टीच्या फ्लॅटचा वर्षातला एक आठवडा आपल्या मालकीचा. दरवर्षी तोच फ्लॅट, तोच आठवडा. नवा घ्यायला गेलो तर कंबरडं मोडेल. पण एक बाई त्यांचा जुना विकतायत."

"सेकंड हँड स्कूटर ऐकली होती. सेकंड हँड सुट्टी पहिल्यांदाच ऐकतेय. धुऊन देतात का?"

"आधी ऐक तरी. पार्कच्या फाटकासमोरची इमारत आहे. बाल्कन्यांची."

बायकोचा कप ओठांशी थांबला. "ती?"

"तीच. आणि आठवडा कुठला, माहितेय? आपला!"

बायकोच्या जिभेवर एक टोमणा तयार होता, तो तिने चहाबरोबर गिळून टाकला. तिच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं, की भट्टीरावांना उगीचच लाजल्यासारखं झालं.

'आपला आठवडा' म्हणजे काय, ते सांगायला हवं. बेकरीची भट्टी विटांची होती आणि वर्षभर ती विझायची नाही. भट्टीराव रात्री कामाला जायचे. पीठ मळून, पाव भाजून, पहाटे माल दुकानांत पोचवून घरी यायचे ते थेट अंथरुणात. घरात दिवसा सगळं कुजबुजत चालायचं. दोन्ही मुलांनी लहानपणी बाप पाहिला तो भिंतीकडे तोंड करून झोपलेला. पण हिवाळा सरता सरता एकदा गवंडी यायचा, आतल्या फुटक्या विटा बदलायला. त्यासाठी भट्टी पूर्ण निववावी लागायची आणि नंतर सावकाश, लाडीगोडीने तापवावी लागायची. तेवढा एक आठवडा बेकरी बंद. तेवढा एक आठवडा बाप दिवसाढवळ्या जागा.

मग चौघं बस पकडून पार्कात जायचे. उतरायचे एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत. खालून इस्त्रीची वाफ यायची, फरशी पायांना कोमट लागायची, आणि सगळ्या खोलीला धुतलेल्या चादरींचा वास. खिडकीतून समोर ती बाल्कन्यांची इमारत दिसायची. बायको ओले टॉवेल वाळत घालताना हटकून तिकडे बघायची. त्या लोकांना बाल्कनीत बसून चहा पिता येतो, एवढंच म्हणायची, आणि आत वळायची.

पार्क त्या दिवसांत अर्धा झोपलेला. मोठे पाळणे दुरुस्तीला काढलेले, त्यांच्यावर ताडपत्र्या. पण जे चालू असायचं त्याला रांग म्हणून नाही. घोड्यांच्या चक्रावरचा माणूस इतका आळशी होता, की मुलांना उतरवून पुन्हा चढवण्यापेक्षा तो त्यांना फिरू द्यायचा. मुलगा शाळेत सांगत सुटला, की आमच्या बाबांनी आख्खा पार्क भाड्याने घेतला होता. लेक बापाला हाताला धरून छोट्या आगगाडीत बसवायची आणि उतारावर बाप लेकीपेक्षा मोठ्याने ओरडायचा. भट्टीच्या झळांनी त्यांच्या हातांवरचे केस कायम जळालेले असायचे. आठवडा सरत आला, की तिथे बारीक खुंट उगवायचे. त्यावर गाल घासून लेक म्हणायची, "बाबा, आज टोचताय!"

भट्टीरावांना आयुष्यात काय मिळालं असं कुणी विचारलं असतं, तर त्यांनी हे सांगितलं असतं. आता लेक एका टोकाला, मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि सगळे एकत्र असे कुणाच्या तरी लग्नात भेटायचे, तेही घाईत. मुलगा तर जास्तच तुटक झाला होता. त्याला एकदा सगळ्यांसोबत त्या पार्कात नेलं, की गाडी रुळावर येईल, असं भट्टीरावांच्या मनाने घेतलं होतं.

आठवडा विकणारी बाई दातांची डॉक्टर होती, आता घरी बसलेली. तिच्या बैठकीत फुलदाणीशेजारी प्लास्टरचा एक जबडा होता.

"तुम्हाला नक्की हाच आठवडा हवाय?" तिने तिसऱ्यांदा विचारलं. "निम्मे पाळणे बंद असतात हो. थंडीही असते. फसवलं असं नंतर म्हणू नका."

"निम्मे बंद असतात म्हणूनच तर!" भट्टीराव खदखदून हसले.

बाईने त्यांच्या उघड्या तोंडात नजर टाकली. "वरची डावी दाढ दाखवून घ्या कुणाला तरी," ती म्हणाली. मग तो जबडा सरकवून ठेवत बोलली, "माझी पोरं मोठी झाली. शेवटी मी एकटीच जायचे, आणि कुठल्या खोलीत झोपायचं तेच ठरवत बसायचे. तुम्ही भरून टाका ते घर."

भट्टीराव घरी आले ते तरंगतच. लगेच फोन लावले. लेक तर फोनवरच किंचाळली. "बाल्कनीचं? बाबा! पोराला घेऊन येते, मी आत्ताच बॅग भरते!"

मुलाने मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, तेव्हा पोरीची परीक्षा असते. आमचं नाही जमणार. तुम्ही जाऊन या."

"परीक्षा? त्या आठवड्यात शाळा असते?"

"शाळा असतेच की, बाबा."

फोन ठेवून भट्टीराव बायकोकडे वळले. "अगं, आपली मुलं असताना तर सुट्टी असायची ना त्या आठवड्यात?"

बायको आधी त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग पोट धरून हसली. "सुट्टी कसली! दरवर्षी मी जायचे हेडबाईंकडे, तुमच्या बिस्किटांचा डबा घेऊन. हातापाया पडून रजा आणायचे."

"तो डबा तुझ्या बहिणीला जातो म्हणायचीस!"

"तुम्हाला सांगितलं असतं तर शाळा बुडवू नका म्हणून घरीच बसवलं असतंत सगळ्यांना."

"मग हा आठवडा घेतोय म्हटल्यावर तरी सांगायचंस!"

बायकोचं हसू ओसरलं. "सुचलंच नाही हो. तुम्ही 'आपला आठवडा' म्हणालात आणि मला नातवंडंबितवंडं आहेत हेच विसरायला झालं."

आली का पंचाईत! आयुष्यभर दिवसा झोपलेल्या माणसाने सुट्टी विकत घ्यावी, ती ऐन शाळेच्या दिवसांत. पण हात टेकतील ते भट्टीराव कसले. बायकोला जमलं ते आपल्याला का जमू नये, असं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट चढवला, दुकानातून बिस्किटांचा पुडा घेतला, वाटेत त्यातलं एक खाऊन बघितलं, "माती!" म्हणून तोंड वाकडं केलं आणि नातीच्या शाळेत जाऊन बसले.

मुख्याध्यापिका बाई तरुण होत्या. पुडा त्यांनी हसून बाजूला ठेवला. "त्या आठवड्यात परीक्षा? नाही हो आजोबा. परीक्षा त्याच्या आधीच संपते. तेव्हा आम्ही मुलांना चित्रं काढायला बसवतो. खुशाल न्या तिला."

"तिचे बाबा म्हणाले होते..."

"त्यांना नसेल माहीत. ते शाळेत कधी आलेले मला तरी आठवत नाहीत."

भट्टीराव फाटकाबाहेर आले आणि तिथेच उभे राहिले. नुसतं माहीत नसतं, तर विचारून सांगतो म्हणाला असता. मुलगा खोटं बोलला होता. त्याला यायचं नव्हतं. इतका वेळ दोष शाळेच्या माथी मारता येत होता, आता तोही आधार गेला. आधी त्यांना राग आला आणि मग भीती वाटली. कशाची, ते त्यांना धड सांगता आलं नसतं. पण घरी जाऊन मूग गिळून बसलो तर पुन्हा कधी विचारायचा धीर होणार नाही, एवढं कळत होतं. त्यांनी मुलाच्या गॅरेजकडे जाणारी बस धरली.

मुलाचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. भट्टीराव उद्घाटनाला आले होते, त्यानंतर आजच. आत तेलाने काळी पडलेली जमीन, भिंतीला पान्यांची रांग, आणि मधोमध एक ट्रक. ट्रकखालून दोन बूट बाहेर आलेले. बुटांवरूनच त्यांनी मुलगा ओळखला. टाचा बाहेरून झिजवायची त्याची लहानपणापासूनची खोड.

"परीक्षा नाहीये," भट्टीराव बुटांना म्हणाले.

आतला पान्याचा आवाज थांबला.

"शाळेत जाऊन आलो मी. यायचं नसेल तर नको येऊस. पण का नाही, ते मला सांग."

बूट काही बाहेर आले नाहीत. मग ट्रकखालून आवाज आला.

"बाबा, तुम्हाला तो आठवडा कसा आठवतो?"

"कसा म्हणजे? घोडी, आगगाडी, ती लाँड्रीची खोली..."

"मलाही ते सगळं आठवतं. ती कोमट फरशीसुद्धा. पण मला परतीची बसही आठवते. घर जवळ आलं की माझ्या पोटात गोळा यायचा. आईला वाटायचं मला बस लागते. ती मला खिडकीत बसवायची. बस लागत नव्हती मला. घरी पोचलो की तुम्ही आंघोळ करून भट्टी बघायला जाणार, आणि सकाळी उठलं की आई म्हणणार, हळू बोला, बाबा झोपलेत."

भट्टीरावांनी ट्रकच्या चाकाला हात टेकला.

"तुम्ही आत्ता विकत घेतलंत ना, ते आमच्याकडे आधीपासून होतं," मुलगा म्हणाला. "वर्षातला एक आठवडा बाप आपल्या मालकीचा. बाकीचा भट्टीचा. मला परत तसलं नकोय. आठवडाभर गळ्यात गळे घालायचे आणि मग वर्षभर फोनवर, जेवलास का, बरं आहे का. त्यापेक्षा नकोच ते."

इतकी वर्षं भट्टीराव समजत होते, की तो आठवडा चौघांच्याही मनात एकसारखा आहे. त्यांना वाईट वाटलं, शरम वाटली. आणि त्या सगळ्याच्या तळाशी, कुणाला सांगायची सोय नाही असा, आनंदही झाला. पोरगं आपल्यासाठी झुरत होतं. खिडकीत बसून, घर येऊ नये म्हणत होतं.

ते खाली बसले, आधी गुडघ्यांवर, मग कुशीवर, आणि पाठीवर सरकत सरकत ट्रकखाली शिरले. "सरक जरा."

"बाबा, अहो शर्ट..."

"होऊ दे खराब."

दोघं शेजारी शेजारी पडले, डोळ्यांसमोर ट्रकचं काळं पोट. एकमेकांची तोंडं दिसत नव्हती, ते बरंच होतं.

"तेव्हा मला दुसरं काही जमलं नसतं," भट्टीराव म्हणाले. "लोकांना पाव पहाटेच लागतो. त्याला आता इलाज नाही. पण हल्ली मी दिवसभर जागा असतो, बाळा. इतका जागा असतो की तुझी आई वैतागते. तुझ्याकडे यावं असं रोज वाटतं. पण काय म्हणून येऊ? नुसतं येऊन बसायची मला सवय नाही, लाज वाटते. म्हणून हे बाल्कनीचं निमित्त काढलं. मला पार्कबिर्क काही नको होतं रे. मला तू हवा होतास."

मुलाने पाना उचलला आणि वरचा एक बोल्ट आवळायला घेतला. तो आधीच घट्ट होता. तरी तो आवळत राहिला.

"पार्कात येतो मी," शेवटी तो म्हणाला. "पण परत आल्यावर तुम्ही गायब व्हायचं नाही. दुपारी मी इथे एकटाच डबा खातो. या उद्यापासून. बसा नुसते."

"उद्यापासून कशाला?" भट्टीराव म्हणाले. "आज जेवलास का?"

"नाही अजून."

"मग चल, ऊठ," ते म्हणाले, आणि आपल्याला या वयात ट्रकखालून बाहेर निघता येत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी हात पुढे केला.