सतरा नंबरची सही

कोर्टात जायचं ठरलं तेव्हा गंगव्वाला पहिली काळजी पडली ती तव्याची. नवऱ्याला, मल्लाप्पाला, ठेल्यावर बसवून ती निघाली आणि चार पावलं गेल्यावर परत येऊन म्हणाली, "करपवू नगासा. गिऱ्हाईक माझं हाय."

बेंगळुरात, जे. पी. नगरातल्या एका लेआउटच्या, म्हणजे आखीव वसाहतीच्या, तोंडाशी करंजाचं झाड आहे. त्याखाली ती बावीस वर्षं ज्वारीच्या भाकरी थापत होती. मूळची अथणीकडची, मराठी चौथी पास. आणि आता लेआउटच्या संघानं पालिकेकडून आपल्या गल्ल्यांना 'विशेष सेवा क्षेत्र' करून घेतलं होतं. स्वतःचे झाडूवाले, स्वतःचे पहारेकरी, वर जादा कर आणि स्वतःचे नियम. सातवा नियम असा, की फुटपाथवर ठेला चालणार नाही. बाकीचे नियम कुणी वाचलेही नसतील, पण गंगव्वाच्या पोटावर पाय द्यायला हा एक पुरेसा होता.

समोरच्या घरातल्या कस्तुराबाई चवताळल्या. त्यांची भाची वल्लरी वकील. तिनं गंगव्वाच्या नावानं या क्षेत्रालाच कोर्टात आव्हान दिलं.

सुनावणीच्या दिवशी सकाळी संघाचं उत्तर हातात पडलं. त्यात एकच मुद्दा ठासून मांडला होता, की ही बाई लेआउटची रहिवासीच नाही, तेव्हा तिला दावा करायचा हक्कच काय? खोटं तर नव्हतं ते. तिची खोली दोन मैल लांब होती.

उत्तराला रहिवाशांच्या संमतीच्या सह्या जोडल्या होत्या. निम्म्याहून जास्त रहिवाशांची संमती असल्याशिवाय असं क्षेत्र होतच नाही. वल्लरी पानं उलटत होती, गंगव्वा तिच्या खांद्यावरून बघत होती आणि एकदम तिनं वल्लरीचा दंड धरला.

"अगं, ही माझी सही हाय की!"

सतरा नंबरला शेपूट काढलेलं 'गं' होतं. तसलं शेपूट अख्ख्या बेंगळुरात दुसरं कुणी काढत नाही. वल्लरीनं पानाच्या वरचं वाचलं आणि हसू लपवायला पदर नव्हता म्हणून तोंडावर फाईल धरली.

घोटाळा साधा होता. संघाचे सेक्रेटरी बिंदुमाधव हे अति नीटनेटके गृहस्थ. पाण्याचा टँकर असो की गणपती, सगळ्याला एकच लांब वही. संमतीच्या पानांवर सह्या थोड्याच होत्या, पुढच्या पानांवर लेआउटातल्या मराठी बायकांच्या, संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या. बायकांच्या कार्यक्रमाचा मथळा कोण वाचतो? ते सह्या मोजत गेले ते थेट शेवटपर्यंत. त्या दिवशी कस्तुराबाईंनी गंगव्वालाही हाताला धरून आत नेलं होतं, कुंकू लावून वाण दिलं होतं आणि सही घेतली होती.

न्यायमूर्ती बाईंना मराठी येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "प्रत्येक सहीपुढं हे काय लिहिलंय?"

"वाटी मिळाली," वल्लरीनं सांगितलं. "बाविसाव्या नंबरला लिहिलंय, वाटी नको, डबा असेल तर द्या."

सगळं दालन हसलं. बिंदुमाधव लाजेनं लाल झाले. खरं सांगायचं तर माणूस लबाड नव्हता, फक्त घाईत होता.

"आणि हक्काचं म्हणाल," वल्लरी पुढं म्हणाली, "तर संघानंच माझ्या अशिलाला सतरा नंबरची रहिवासी म्हणून मोजलंय."

क्षेत्र रद्द झालं. पुन्हा करायचं तर नव्यानं, खरी संमती घ्या आणि या बाईंनाही विचारा, असा हुकूम झाला. गंगव्वाला इतका आनंद झाला, की तिनं न्यायमूर्तींनाच भाकरी खायला बोलावलं.

आठवड्यानं बिंदुमाधव करंजाखाली आले. हातात नवी वही, वर नियम लिहिलेले, खाली सह्यांची जागा कोरी.

"अक्का, सही पाहिजे होती."

"स्वल्प थांबा," म्हणत तिनं हाताचं पीठ झटकलं आणि वही बोट ठेवून वाचली, पहिल्या ओळीपासून. सातव्या नियमावर बोट थांबलं. बिंदुमाधवांनी पेन काढून तो खोडला आणि बाजूला आपली सही केली.

"सरी, आता बरोबर," गंगव्वा म्हणाली.

मग तिनं पहिल्या नंबरवर शेपटाचं 'गं' काढून नाव लिहिलं आणि त्याच्यापुढं, कुणी न सांगता, सावकाश दोन शब्द लिहिले: जागा मिळाली.