वर्षाचे तीन महिने

आमच्या आईच्या शिवणकामाच्या दुकानात गिऱ्हाइकं महिनोन्महिने आधी नंबर लावतात. त्यामुळे येत्या मार्चपासून कुणाचंही माप घ्यायचं नाही असं तिने जाहीर केलं, तेव्हा अख्ख्या गल्लीला कळलं की आमच्याकडे बाळ येणार. धक्का बसला तो एकट्या वहिनीला. कारण तिला दिवसच गेले नव्हते.

एक बाई तर तिच्या पोटाकडे बघून अभिनंदन करून गेली. वहिनी ओव्हरलॉक मशीनवर होती. तिने मान वर केली नाही, पण कापडाची कड वाकडी गेली.

"ऑपरेशनला तीन महिने झाले," आई कात्री न थांबवता म्हणाली. "डॉक्टरांनी तीनच सांगितले होते. आता कसली वाट बघतेस? मी म्हातारी होण्याची?"

माझं डोकंच सटकलं. ऑपरेशनला वहिनीसोबत मी होते. दादाला म्हणे शिफ्ट होती. गर्भाशयाच्या तोंडाशी खराब पेशी सापडल्या होत्या, तेवढा तुकडा डॉक्टरबाईंनी कापून काढला आणि आम्हा दोघींना समोर बसवून समजावलं. हेच तोंड नऊ महिने बाळाला आत धरून ठेवतं. ते नीट भरून यायच्या आत दिवस राहिले, तर बाळ वेळेआधी येण्याची भीती वाढते. तेव्हा निदान वर्षभर थांबा, मग खुशाल होऊ द्या, तपासण्या तेवढ्या चुकवू नका.

मी हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, दहावीतल्या पोरींनी असल्या गोष्टीत नाक खुपसू नये. मी म्हटलं, दहावीत आहे म्हणूनच बारापर्यंत मोजता येतं. तिने पट्टी उगारली.

तेवढ्यात दादा डबा न्यायला आला. आईने त्यालाच साक्षीला ओढलं. तूच तीन म्हणाला होतास ना?

दादा चपला काढत बसला. त्यांना साधा पट्टाही नव्हता, तरी काढत बसला.

"तू रोज विचारत होतीस," तो शेवटी पुटपुटला. "वर्ष म्हटलं असतं तर रडून घर डोक्यावर घेतलं असतंस. म्हटलं, नंतर बघू."

"आणि पंधरा दिवस झाले, मला सांगतोयस की एवढ्यातेवढ्याने काही होत नाही, आईचं मन राख," वहिनी म्हणाली.

आई लेकावर चिडेल असं मला वाटलं होतं. ती वळली वहिनीवरच. मग तू का नाही बोललीस, तोंडात काय गुळणी धरली होतीस?

"दोनदा बोलले. तुम्ही म्हणालात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं." वहिनीने मशीन बंद केलं. "लवकर आलेल्या बाळाला काचेच्या पेटीत ठेवतात, आई. मला त्या काचेबाहेर उभं राहायचं नाही."

ती उठली, दुकानामागच्या घरात गेली आणि आपली उशी घेऊन थेट माझ्या खोलीत आली. दादा मागोमाग धावला. हा काय तमाशा, मी नवरा आहे तुझा, वगैरे वगैरे.

"आहेस ना," ती म्हणाली. "अजून नऊ महिने पलीकडच्या खोलीत राहा."

आई तिकडून ओरडत होती की आता लोकांना काय सांगू. मी पलंगावरची पुस्तकं खाली लोटली, कडी लावली आणि खिडकीकडची जागा वहिनीला दिली. तिथे वारा बरा लागतो.