लाल पट्टीखाली

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात वैजयंती प्लॅनिंग बघायची. कुठला माल कधी विणायचा, कधी रंगवायचा, शिलाईला कधी द्यायचा, हे सगळं ती ठरवायची. मोडनिंबहून डिप्लोमा करून सहा वर्षांपूर्वी ती इथं लागली तेव्हा तिला ताणा कुठला आणि बाणा कुठला हेही कळत नव्हतं. ते शिकवलं सावित्रम्मानं. सावित्रम्मा सव्वीस वर्षं शिलाई खात्यात टॉवेलच्या कडा मारत होती. दुपारच्या सुट्टीत डबा आटोपला की ती वैजयंतीच्या हाताला धरून एकेका खात्यात न्यायची. "कागद बघून काय कळतंय गं? माल हातात घेऊन बघ की," म्हणायची.

यंदा कारखान्यात नवं सॉफ्टवेअर आलं, आणि शिलाई खात्याच्या भिंतीवर एक मोठा टीव्ही लागला. काम वेळेत असेल तर हिरवी पट्टी, मागं पडलं की लाल. नेमका त्याच आठवड्यात हॉटेलच्या टॉवेलांचा एक मोठा माल चार दिवस मागं पडला.

शनिवारी मॅनेजर गुरुराज तिच्या टेबलापाशी आला.

"सोमवारी मालक येणारेत. टीव्हीवर कुठला चार्ट लावायचा ते तू बघ. पण असा लाव, की उशीर कुणामुळं झाला ते लांबून दिसलं पाहिजे."

चार्ट तीन प्रकारे दिसत होता. वैजयंतीनं पहिला ऑर्डरनुसार लावून बघितला. हॉटेलची ऑर्डर लाल दिसली, पण का, ते कळेना. मग मशीननुसार लावला आणि तिचा हात माउसवरच थांबला. रंगाईच्या मशीनपुढं दोन दिवसांची मोकळी जागा होती. पांढरा माल आधी आणि गडद निळा नंतर घ्यायचा असतो, हे रंगाईत नवा माणूसही सांगेल. तिनं प्लॅनमध्ये निळा आधी टाकला होता. मग पांढऱ्यासाठी मशीन धूत बसावं लागलं, आणि त्यामुळं पुढचं सगळंच चार दिवस घसरलं. त्या मोकळ्या जागेवर बाण नेला की प्लॅन कुणी भरला त्याचं नाव उमटत होतं. ते तिचं होतं.

तिसरा प्रकार कामगारानुसार होता. त्यात मोकळ्या जागा दिसतच नव्हत्या. प्रत्येकाच्या नावापुढं एकच पट्टी होती, आणि माल शेवटी ज्याच्या हातात आला त्याची लाल. हॉटेलचा बराचसा माल सावित्रम्माच्या मशीनवर होता, त्यामुळं सगळ्यात लांब लाल पट्टी तिची होती.

वैजयंतीनं तो तिसरा चार्ट टीव्हीवर लावला. सरांनीच नाव मागितलंय, असं तिनं स्वतःला सांगितलं.

सोमवारी मालक टीव्हीपुढं दोन मिनिटं उभे राहिले, मान हलवली आणि गेले. ते गेल्यावर गुरुराजनं मशीनं बंद करायला लावली.

"सावित्रम्मा, इकडं या. टीव्हीखाली उभ्या राहा. रोज सकाळी दहा मिनिटं. पट्टी हिरवी होईपर्यंत."

खात्यातल्या तीस बायका बघत होत्या. सावित्रम्मानं पदर सावरला आणि जाऊन उभी राहिली. वर तिचं नाव तेलुगू वळणाचं म्हणून अर्धवटच टाइप केलं होतं, 'सावित्रमा'. कुणीतरी फिस्सकन हसलं. गुरुराजनं हसणाऱ्याला गप्प केलं नाही.

पट्टी हिरवी होणार कशी? रंगाईपायी गेलेले चार दिवस तिच्या नावावर तसेच होते. मंगळवारी ती उभी राहिली, बुधवारीही. बाथरूमला जावं लागू नये म्हणून तिनं दिवसभर पाणी प्यायचं सोडलं. शेजारच्या मशीनवाल्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. बोलताना दिसलो तर आपलीही पट्टी लाल होईल, असं त्यांना वाटायचं.

गुरुवारी दुपारी ती प्लॅनिंगच्या केबिनमध्ये आली. दोन्ही हात तिनं टेबलावर पसरून ठेवले.

"वैजू, बघ गं जरा. माझ्या हाताला काय झालंय का? मला तर पहिल्यासारखंच वाटतंय. पण तितं लाल येतंय."

वैजयंतीला फक्त एकच वाक्य बोलायचं होतं, चूक प्लॅनमध्ये आहे. मशीननुसार चार्ट उघडून दाखवायला तर अर्धं मिनिटही लागलं नसतं.

"सावित्रम्मा, कॉम्प्युटर कुणाची बाजू घेत नाही," ती म्हणाली. "वयानं होतं थोडं."

सावित्रम्मा स्वतःच्या बोटांकडं बघत राहिली. "व्हय का," म्हणाली आणि हात उचलून घेतले.

शुक्रवारी तिनं जेवणाची सुट्टीच घेतली नाही. मशीन इतकं पळवलं की तीनच्या सुमारास सुई तर्जनीच्या नखातून आरपार गेली. शेजारणीनं मशीन बंद केलं. सावित्रम्मानं बोट अडकलेलं असताना दुसऱ्या हातानं आधी पांढरा टॉवेल बाजूला ओढला, रक्त लागू नये म्हणून. गुरुराज आला. त्यानं टॉवेल उलटसुलट करून बघितला, आणि मग तिला दवाखान्यात न्यायला सांगितलं.

संध्याकाळी त्यानं ऑफिसात सगळ्यांदेखत वैजयंतीचं कौतुक केलं. "चार्ट बरोबर निवडलास. कीड कुठं होती ते आठवड्यात कळलं." सावित्रम्माला परत घ्यायचं नाही, असं ठरलं. वैजयंती "थँक यू सर" म्हणाली.

पुढच्या बुधवारी सावित्रम्माची मुलगी चंद्रिका आईचं सामान न्यायला आली. डबा, चष्मा, चपलांचा जुना जोड. पिशवी भरून झाली तरी ती केबिनच्या दारातच घुटमळत होती.

"ताई, एक विचारू? आई रात्रंदिवस हात बघत बसती. बोलत नाही कुणाशी. ती म्हणाली, माझा हात खरंच गेलाय का ते वैजूला विचार. ती खोटं सांगणार नाही."

मशीननुसारचा चार्ट वैजयंतीच्या कॉम्प्युटरवर उघडाच होता. पुढच्या आठवड्याचा प्लॅन ती त्यावरच लावत होती, पांढरा आधी, निळा नंतर. तिनं स्क्रीन थोडा आपल्याकडं वळवला.

"हो," ती म्हणाली. "मंद झाला होता."

चंद्रिकानं मान डोलावली, पिशवी उचलली आणि गेटच्या दिशेनं चालू लागली.