मालनच्या सहा ओळी

मित्रांनो, मी मानपाड्याच्या एमआयडीसीतला एक जुना रंगीत मॉनिटर आहे. सध्या माझा मुक्काम एका गाळ्याच्या माळ्यावर, रिकाम्या खोक्यांच्या शेजारी असतो. काचेवर धूळ बसली आहे. पण एके काळी या गाळ्यात रंग दाखवणारा मी एकटाच होतो.

१९९६ साली दिवाळीच्या आधी मला टेम्पोतून इथे आणलं. गाळ्याच्या मालकांना सगळे आबा म्हणत. कारखान्यांतली यंत्रं चालवणारे प्रोग्राम इथे लिहिले जात. आबांनी मला स्वतः खोक्यातून काढलं, मऊ फडक्यानं पुसलं आणि हळदकुंकू लावलं. बाकीचे पडदे काळ्यावर हिरवी अक्षरं दाखवत, त्यामुळे पहिले काही दिवस जो तो माझ्यासमोर येऊन उभा राही. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

माझ्यावर दोघं आळीपाळीनं काम करत. परशुराम चाळिशीचा, कामाला वाघ, पण भारी घाईचा. मालन कळव्याच्या कोळीवाड्यातली. तिची आई बाजारात मासळी विकायची. कॉलेज शिकून नोकरीला लागलेली त्यांच्या घरातली ती पहिलीच. ती हळू लिही, पण लिहिलेलं तीनदा वाचून बघे.

त्या वर्षी त्यांच्याकडे रंगाच्या एका कारखान्याचं काम आलं. टाकी किती तापली हे एका तारेतून कळायचं आणि प्रोग्राम त्याप्रमाणे वाफ कमी-जास्त करायचा. मालनच्या मनात आलं, ही तारच तुटली तर? आकडा शून्य येईल, प्रोग्रामला वाटेल टाकी थंड आहे, आणि तो वाफ वाढवतच राहील. म्हणून तिनं सहा ओळी लिहिल्या. आकडा शून्यावर आला तर तार तुटली असं समजायचं, वाफ बंद करायची आणि भोंगा वाजवायचा.

नेमक्या त्याच जागी परशुरामनंही प्रोग्रामच्या आपल्या प्रतीत बदल केला होता. प्रत्येकाचं काम मोठ्या कॉम्प्युटरवर एकत्र जमा होई, आणि जुन्या प्रतीही तिथे जपून ठेवलेल्या असत. दोघांनी एकच जागा बदलली असेल, तर तो कॉम्प्युटर थांबून विचारी, यातलं काय ठेवू? पण विचारण्याची त्याची पद्धत फार किचकट. दोघांच्या ओळी एकाखाली एक, एकाच रंगात, मध्ये बाणांच्या आणि बरोबरच्या चिन्हांच्या रांगा. मी रंगीत असून माझा काही उपयोग नव्हता. परशुरामला कारखान्यात पोहोचायची घाई होती. त्यानं आपलं ठेवलं, बाकीचं पुसलं. सहा ओळी गेल्या आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पंधरा दिवसांनी कारखान्यातली तार खरंच तुटली. टाकीजवळ धोंडिबा नावाचे जुने कामगार होते. टाकीचा आवाज बदललेला त्यांनी ओळखला आणि धावत जाऊन वाफेचा व्हॉल्व्ह हातानं बंद केला. मोठा अपघात टळला, पण त्यांचा उजवा तळवा भाजला.

दुसऱ्या दिवशी आबांनी मालनला बोलावलं. तारेचा भाग तिच्याकडे होता. ती म्हणाली, मी लिहिलं होतं. पण प्रोग्राममध्ये ते नव्हतं. मग तिलाच शंका यायला लागली, की आपण लिहिलं असं नुसतं मनात धरलं की काय. आबांनी तिला त्या कामातून काढलं. ती जागेवर येऊन बसली.

त्याच दुपारी परशुरामनं जुन्या प्रती माझ्यावर एकेक करून उघडल्या. एका प्रतीत त्या सहा ओळी होत्या. पुढच्या प्रतीत नव्हत्या, आणि त्या प्रतीवर त्याचं नाव होतं. आम्हा दोघांशिवाय हे कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं दोन्ही प्रती पुन्हा एकदा वाचल्या. मग उठला, मालनला घेऊन आबांच्या केबिनच्या दारात उभा राहिला.

“आबा, तिनं लिहिलं होतं. मी पुसलं.”

आबांनी तिथल्या तिथे मालनला ते काम परत दिलं. मालननं एवढंच विचारलं, “सर, तुम्हाला त्या ओळी दिसल्याच नाहीत का?”

“दिसल्या गं. वाचल्या नाहीत.”

दोन प्रती शेजारी शेजारी मांडून दाखवणारा एक प्रोग्राम बाळकुमच्या ओळखीच्या माणसाकडे आहे, असं परशुरामनं ऐकलं होतं. तो तिथून तीन फ्लॉपी घेऊन आला. तिसरी खराब निघाली, म्हणून पुन्हा बाळकुमला गेला. मग दोघांनी मोठ्या कॉम्प्युटरला शिकवलं, की तू अडलास की या नव्या प्रोग्रामला हाक मार आणि त्याच्या हातात क्रमानं मूळ प्रत, मालनची प्रत आणि परशुरामची प्रत दे. पहिल्यांदा क्रम चुकला आणि मालनच्या ओळींवर परशुरामचं नाव झळकलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच मालन हसली.

क्रम सुधारला आणि माझं रूपच पालटलं. डावीकडे मालन, उजवीकडे परशुराम, खाली दोघांचं मिळून झालेलं. सारखं ते पांढरं, एकानंच बदललेलं पिवळं, दोघांनी बदललेलं लाल. त्या लाल जागी डावं घ्या, उजवं घ्या, नाहीतर दोन्ही. परशुरामनं दोन्ही घेतलं, आणि या वेळी मोठ्यानं वाचून.

तपासणीसाठी टेबलावर तशीच तार आणि भोंगा जोडला. आबांनी धोंडिबांना बोलावून घेतलं. ते हाताला पट्टी बांधूनच आले. मालन म्हणाली, “काका, तार तुम्हीच काढा.” त्यांनी डाव्या हातानं तार ओढली. भोंगा वाजला. परशुराम बंद करायला पुढे झाला, तेव्हा धोंडिबा म्हणाले, “राहू द्या साहेब. जरा वाजू द्या.”

पुढे १९९९ मध्ये माझ्याहून मोठा मॉनिटर आला आणि मी माळ्यावर चढलो. त्याचं दुःख आहे, पण फार नाही. गाळ्यात नवी मुलगी किंवा मुलगा कामाला लागला, की परशुराम पहिल्या दिवशी आपली ती चूक स्वतः सांगतो. नाव लपवत नाही. खालून त्याचा आवाज मला ऐकू येतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंवरून कधीतरी कोरडं फडकं फिरवत जा. आणि दुसऱ्यानं लिहिलेलं पुसण्याआधी एकदा वाचत जा. कॉम्प्युटर फक्त थांबून विचारतो. वाचायचं आपल्यालाच असतं.